कंत्राटी कामगार आणि आयकर विवरणपत्र

एखाद्या कार्यालयात, रुग्णालयात किंवा कारखान्यात प्रत्यक्ष काम करणारी, परंतु मोबदला मात्र मनुष्यबळ पुरवणाऱ्या संस्थेकडून अथवा कंत्राटदाराकडून घेणारी व्यक्ती म्हणजे कंत्राटी किंवा बाह्यस्रोत कर्मचारी होय. अशा व्यक्तीने आयकर विवरणपत्र भरणे बंधनकारक आहे की नाही, हे तिच्या हुद्द्यावरून किंवा कामाच्या ठिकाणावरून ठरत नाही. वर्षभराचे एकूण उत्पन्न, मोबदल्याचे कायदेशीर स्वरूप आणि उगमस्थानी झालेली करकपात, म्हणजेच टीडीएस, या तीन बाबींवर ते अवलंबून असते. मध्यस्थ संस्थेने कर कापला म्हणून विवरणपत्र भरण्याची जबाबदारी संपत नाही. उलट, उत्पन्न करपात्र मर्यादेखाली असूनही कापला गेलेला कर केवळ विवरणपत्र भरल्यानेच परत मिळतो. या लेखात मराठवाड्यातील नांदेड व लातूर या जिल्ह्यांच्या संदर्भात हा विषय मांडला आहे. आकडे, अन्यथा नमूद नसल्यास, २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे आहेत.

पार्श्वभूमी

मराठवाड्यात कंत्राटदारासाठी 'गुत्तेदार' हा शब्द आजही रूढ आहे. पूर्वी तो प्रामुख्याने रस्ते, इमारती व पाटबंधाऱ्याची कामे घेणाऱ्यांसाठी वापरला जाई. आता सफाई, सुरक्षा, वीजवाहिन्यांची देखभाल, रुग्णालयातील सेवा, वाहनचालक आणि संगणक चालक यांसाठी माणसे पुरवणाऱ्या संस्थाही बोलीभाषेत याच नावाने ओळखल्या जातात. सरकारी कागदपत्रांत त्यांचा उल्लेख 'बाह्ययंत्रणा' किंवा 'सेवापुरवठादार संस्था' असा येतो.

आजचे नांदेड व लातूर हे जिल्हे पूर्वी हैदराबाद संस्थानात होते. लातूर हा स्वतंत्र जिल्हा १९८२ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचे विभाजन होऊन झाला. संस्थानाचा स्वतःचा आयकर कायदा फसली सन १३५७ चा होता. १९२२ चा भारतीय आयकर कायदा या प्रदेशास १ एप्रिल १९५० पासून लागू झाला आणि पुढे त्याची जागा १९६१ च्या आयकर कायद्याने घेतली. कंत्राटदारांना दिल्या जाणाऱ्या रकमेवर करकपात करण्याची तरतूद, म्हणजे कलम १९४क (व्यवहारातील १९४सी), १९७२ मध्ये आली. व्यावसायिक व तांत्रिक सेवांच्या शुल्कावरील करकपातीचे कलम १९४जे १९९५ मध्ये दाखल झाले.

कंत्राटी कामगारांच्या संरक्षणासाठी १९७० चा कंत्राटी कामगार (नियमन व निर्मूलन) कायदा होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यपरिस्थिती संहितेने घेतली. जुन्या आणि नव्या दोन्ही कायद्यांत वेतन देण्याची पहिली जबाबदारी कंत्राटदारावर आहे. त्याने ते न दिल्यास मूळ आस्थापनेने द्यावे आणि कंत्राटदाराकडून वसूल करावे, अशी योजना आहे. नव्या संहितेने प्रत्येक कर्मचाऱ्यास नियुक्तिपत्र देणेही आवश्यक केले आहे. आयकराच्या दृष्टीने या एका कागदाचे महत्त्व मोठे आहे. ते पुढे स्पष्ट होईल.

महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये नऊ खासगी संस्थांमार्फत कुशल, अर्धकुशल व अकुशल मनुष्यबळ घेण्यास मान्यता दिली होती. राज्यभर, विशेषतः स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये, त्यास तीव्र विरोध झाला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तो शासन निर्णय रद्द करण्यात आला. मात्र बाह्ययंत्रणेमार्फत माणसे घेण्याची पद्धत त्यापूर्वीही होती आणि नंतरही विविध विभागांत व स्थानिक स्वराज्य संस्थांत ती चालू राहिली.

पगार की कामाचा मोबदला

संपूर्ण प्रश्नाची किल्ली येथे आहे. कर्मचाऱ्याच्या हाती पडणारी रक्कम आयकर कायद्याच्या दृष्टीने दोनपैकी एका स्वरूपाची असते. मध्यस्थ संस्था स्वतः मालक असेल आणि व्यक्ती तिची नोकर असेल, तर मिळणारी रक्कम 'पगार' ठरते. तिच्यावर कलम १९२ नुसार करकपात होते आणि कर कापला गेल्यास फॉर्म १६ मिळतो. याउलट संस्था व व्यक्ती यांच्यात कामाचा किंवा सेवेचा करार असेल, तर ती रक्कम 'धंदा किंवा व्यवसायाचे उत्पन्न' ठरते. त्यावर कलम १९४सी नुसार व्यक्तीसाठी १ टक्का किंवा कलम १९४जे नुसार व्यावसायिक शुल्कावर १० टक्के व तांत्रिक सेवांवर २ टक्के कर कापला जातो आणि फॉर्म १६ऐवजी फॉर्म १६ए मिळतो.

कोणते नाते खरे, हे ठरवताना न्यायालये करारातील शब्दांपेक्षा प्रत्यक्ष स्थिती पाहतात. कामाची वेळ कोण ठरवतो, रजा कोण मंजूर करतो, काम कसे करावे याच्या सूचना कोण देतो, इतरत्र काम करण्याची मोकळीक आहे का, भविष्य निर्वाह निधी व राज्य विमा लागू आहे का, अशा बाबी एकत्रितपणे तपासल्या जातात. सर्वोच्च न्यायालयाने १९५६ मध्ये ध्रांगध्रा केमिकल वर्क्स प्रकरणात कामाच्या पद्धतीवरील नियंत्रण ही महत्त्वाची कसोटी मानली होती. आयकराच्या संदर्भात महाराष्ट्रातील परिचित उदाहरण पुण्याच्या रुबी हॉल क्लिनिकचे आहे. तेथील सल्लागार डॉक्टरांना दिलेली रक्कम पगार मानावी, असे आयकर विभागाचे म्हणणे होते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ग्रँट मेडिकल फाउंडेशनच्या प्रकरणात ते अमान्य केले. निश्चित रक्कम मिळत असली तरी एवढ्यावरून डॉक्टर नोकर ठरत नाहीत, असा त्या निर्णयाचा आशय होता.

विशेषज्ञ डॉक्टरच्या बाबतीत हा युक्तिवाद पटण्याजोगा आहे. संगणक चालक, शिपाई किंवा परिचर यांची गोष्ट वेगळी. ठरलेल्या वेळी हजेरी लावणाऱ्या, वरिष्ठांच्या आदेशाने काम करणाऱ्या आणि महिन्याच्या शेवटी ठरीव रक्कम घेणाऱ्या व्यक्तीस 'व्यावसायिक' म्हणणे वस्तुस्थितीशी क्वचितच जुळते. तरीही काही मध्यस्थ संस्था 'मानधन' या सैल शब्दाखाली अशी रक्कम १९४सी किंवा १९४जे मध्ये दाखवतात, कारण त्यामुळे भविष्य निर्वाह निधीसारख्या जबाबदाऱ्या टळतात. 'मानधन' हा शब्द आयकर कायद्यापुरता निरर्थक आहे. तो वापरल्याने उत्पन्नाचे स्वरूप बदलत नाही. कर कापणाऱ्याने निवडलेले कलमही त्या स्वरूपाचा निर्णायक पुरावा नसते. परंतु ते कलम आयकर विभागाच्या संगणकीय नोंदीत उमटते आणि प्रत्यक्षात पुढचा सर्व व्यवहार त्या नोंदीवरून सुरू होतो.

याचा परिणाम एका कल्पित उदाहरणावरून दिसतो. समजा, लातूरमधील एका कार्यालयातील संगणक चालकास संस्थेकडून दरमहा ३०,००० रुपये, म्हणजे वर्षाला ३,६०,००० रुपये मिळतात. अन्य उत्पन्न नाही आणि नवी करप्रणाली लागू आहे.

रक्कम पगार म्हणून दाखवली, तर ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळून उत्पन्न २,८५,००० रुपये राहते. ते ४ लाखांच्या मर्यादेखाली असल्याने कर कापला जात नाही आणि विवरणपत्र भरणेही बंधनकारक नसते. तीच रक्कम १९४सी मध्ये दाखवली, तर वर्षभरात ३,६०० रुपये कापले जातात. विवरणपत्राची सक्ती नसते, मात्र ते न भरल्यास ३,६०० रुपये सरकारजमाच राहतात. आणि ती १९४जे मध्ये १० टक्के दराने दाखवली, तर दरमहा हातात २७,००० रुपयेच पडतात व वर्षाअखेर ३६,००० रुपये कापलेले असतात. उत्पन्न करपात्र मर्यादेखाली असूनही या तिसऱ्या स्थितीत विवरणपत्र भरणे सक्तीचे होते, कारण वर्षभरातील टीडीएस व टीसीएसची बेरीज २५,००० रुपये किंवा अधिक असल्यास विवरणपत्र भरावेच लागते. टेबल तेच, काम तेच, रक्कमही तीच. कायदेशीर जबाबदारी मात्र तीन प्रकारची.

विवरणपत्र केव्हा बंधनकारक

कलम १३९(१) नुसार, प्रकरण सहा-अ मधील वजावटी वगळण्यापूर्वीचे उत्पन्न किमान करमुक्त मर्यादेपेक्षा अधिक असल्यास विवरणपत्र भरणे बंधनकारक आहे. नव्या करप्रणालीत ही मर्यादा २०२३-२४ व २०२४-२५ या वर्षांसाठी ३ लाख रुपये होती. २०२५-२६ पासून ती ४ लाख रुपये झाली. जुन्या प्रणालीत साठ वर्षांखालील व्यक्तीसाठी ती अडीच लाख रुपये आहे. पगारदाराची प्रमाणित वजावट आधीच वजा होत असल्याने, नव्या प्रणालीतील केवळ पगारावर असलेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यासाठी व्यावहारिक सीमा वार्षिक ४,७५,००० रुपये, म्हणजे दरमहा सुमारे ३९,५८३ रुपये येते. ज्याचे उत्पन्न फॉर्म १६ए चे आहे, त्याला ही वजावट नाही. त्याला प्रत्यक्ष खर्च किंवा अनुमानित उत्पन्नाची तरतूद यांवर अवलंबून राहावे लागते.

'बारा लाखांपर्यंत कर नाही, म्हणून विवरणपत्रही नाही' हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. बारा लाखांची सवलत कलम ८७अ खालील करसूट आहे. तीत आधी कर मोजला जातो आणि मग ६०,००० रुपयांपर्यंत सूट देऊन तो शून्यावर आणला जातो. किमान मर्यादा मात्र ४ लाखच राहते. त्यामुळे वर्षाला ६ लाख रुपये पगार असलेल्या कंत्राटी अभियंत्यास कर शून्य येतो, तरी विवरणपत्र भरावेच लागते.

उत्पन्न मर्यादेखाली असतानाही सक्ती होणाऱ्या आणखी काही स्थिती आहेत. परदेश प्रवासावर २ लाखांहून अधिक किंवा विजेच्या देयकावर १ लाखाहून अधिक खर्च, बचत खात्यांत वर्षभरात ५० लाख किंवा अधिक भरणा, व्यवसायाची ढोबळ प्राप्ती १० लाखांहून अधिक, यांचा त्यात समावेश होतो. सामान्य कंत्राटी कामगारास यांपैकी टीडीएसची अटच प्रत्यक्षात लागू पडते. ज्येष्ठ नागरिकांसाठी तिची मर्यादा ५०,००० रुपये आहे.

केवळ पगार व बँकेचे व्याज असलेल्या व्यक्तीसाठी 'सहज', म्हणजे आयटीआर-१, हा नमुना असतो. फॉर्म १६ए च्या उत्पन्नासाठी 'सुगम', म्हणजे आयटीआर-४, किंवा आयटीआर-३ लागतो. डॉक्टर, वकील, अभियंता, वास्तुविशारद, लेखापाल इत्यादी विनिर्दिष्ट व्यावसायिकांना कलम ४४एडीए नुसार ढोबळ प्राप्तीच्या किमान निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते. समजा, नांदेडमधील एखाद्या रुग्णालयात संस्थेमार्फत सेवा देणाऱ्या डॉक्टरला वर्षाला ७,२०,००० रुपये शुल्क मिळाले आणि त्यातून ७२,००० रुपये कापले गेले. निम्मे उत्पन्न ३,६०,००० रुपये म्हणजे मर्यादेखाली येते. कर शून्य, परतावा ७२,००० रुपये. आणि टीडीएसच्या अटीमुळे विवरणपत्र बंधनकारक. संगणक चालक वा परिचर हे त्या विनिर्दिष्ट यादीत मोडत नाहीत, त्यामुळे त्यांनी ही तरतूद वापरणे योग्य नाही.

फॉर्म १६ए मधील रक्कम 'सहज' नमुन्यात पगार म्हणून दाखवल्यास विभागाच्या वार्षिक माहिती विवरणाशी तफावत निर्माण होते व विचारणा येऊ शकते. नाते खरोखरच नोकरीचे असेल, तर नियुक्तिपत्र, हजेरीपत्रक व वेतनचिठ्ठी जपून ठेवणे आणि संस्थेकडून टीडीएसचे विवरण दुरुस्त करून घेणे हा अधिक सुरक्षित मार्ग आहे.

एक गोंधळ वारंवार होतो. कार्यालय जेव्हा मनुष्यबळ संस्थेचे देयक चुकते करते, तेव्हाही १९४सी नुसार कर कापला जातो, कारण त्या कलमात कामासाठी मजूर पुरवण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. ती कपात संस्थेच्या नावावर व संस्थेच्या उत्पन्नावरची असते. कामगाराला तिच्यावर हक्क सांगता येत नाही. संस्थेच्या देयकावरील वस्तू व सेवा कराचाही कामगाराच्या आयकराशी संबंध नाही. वेतनातून कापला जाणारा व्यवसाय कर हा १९७५ च्या कायद्यानुसार राज्याचा वेगळा कर आहे. तो वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपये असतो आणि दरमहा २५,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या महिलांना एप्रिल २०२३ पासून माफ आहे. वेतनचिठ्ठीवर तो 'पी.टी.' असा दिसतो आणि अनेक कामगार त्यालाच आयकर समजतात.

कापलेला कर परत मिळवणे

कमी उत्पन्नाच्या कंत्राटी कामगारासाठी विवरणपत्राचे खरे महत्त्व परताव्यात आहे. बँकेच्या व्याजावर करकपात होऊ नये म्हणून फॉर्म १५जी देता येतो, हे अनेकांना माहीत असते. १९४सी व १९४जे खालील रकमांना मात्र तो लागू नाही. तेथे कपात टाळायची, तर आयकर अधिकाऱ्याकडून कलम १९७ खालील कमी दराचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. वर्षाला काही हजार रुपयांच्या कपातीसाठी ती धावपळ कोणी करत नाही. म्हणून आधी कपात होऊ द्यायची आणि मग विवरणपत्राद्वारे परतावा मागायचा, एवढाच मार्ग उरतो.

पगारदारांसाठी सर्वसाधारण मुदत ३१ जुलै असते. ती चुकल्यास ३१ डिसेंबरपर्यंत विलंबित विवरणपत्र भरता येते. उत्पन्न ५ लाखांपर्यंत असल्यास विलंब शुल्क १,००० रुपये, त्यापुढे ५,००० रुपये असते. ज्यांचे उत्पन्न करमुक्त मर्यादेखाली आहे व ज्यांच्यावर सक्ती नाही, त्यांना हे शुल्क लागत नाही. ३१ डिसेंबरनंतर परताव्याची वाट अवघड होते. त्यानंतर भरता येणारे अद्ययावत विवरणपत्र, ज्याची मुदत २०२५ मध्ये चार वर्षांपर्यंत वाढवण्यात आली, परतावा मागण्यासाठी वापरता येत नाही. उरतो तो विलंब क्षमापित करण्याचा अर्ज. तो संबंधित करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत करता येतो आणि त्यात विलंबाचे समाधानकारक कारण द्यावे लागते.

विवरणपत्र संकेतस्थळावर भरल्यानंतर ३० दिवसांत त्याची पडताळणी करावी लागते. आधारशी जोडलेल्या भ्रमणध्वनीवर येणाऱ्या सांकेतिक क्रमांकाने ती होते. पडताळणी राहिली, तर विवरणपत्र भरलेच नाही असे धरले जाते. जुना क्रमांक बंद पडलेल्या कामगारांची अडचण येथेच होते. विवरणपत्रांची छाननी बंगळूर येथील केंद्रीय प्रक्रिया केंद्रात होते, त्यामुळे परताव्यासाठी नांदेड किंवा लातूरच्या आयकर कार्यालयात सहसा जावे लागत नाही. पॅन आधारशी जोडलेला नसल्यास तो निष्क्रिय ठरतो. मग करकपात १९४सी च्या १ टक्क्याऐवजी २० टक्के दराने होऊ शकते आणि परतावाही अडकतो. वरील उदाहरणातील संगणक चालकाच्या बाबतीत ही कपात वर्षाला ७२,००० रुपये, म्हणजे जवळपास अडीच महिन्यांची कमाई होईल.

गुत्तेदार बदलल्यास

कंत्राटे बहुधा ठरावीक मुदतीची असतात. काम व कामगार तेच राहतात, वेतन देणारी संस्था बदलते. वर्षाच्या मध्ये असा बदल झाला, की दोन्ही संस्था आपापल्या पुरते उत्पन्न पाहतात आणि प्रत्येकजण पूर्ण करमुक्त मर्यादा व पूर्ण प्रमाणित वजावट गृहीत धरतो. परिणामी एकत्रित उत्पन्न मर्यादेपुढे जाऊनही कपात शून्य दिसू शकते. पहिल्या संस्थेकडील उत्पन्नाचा तपशील फॉर्म १२बी द्वारे दुसरीला देण्याची सोय कायद्यात आहे. तसे न झाल्यास विवरणपत्रात दोन्ही रकमा एकत्र दाखवून हिशेब करावा लागतो. कर कापलाच गेला नसेल, तर फॉर्म १६ देणे संस्थेवर बंधनकारक नाही. तेव्हा वेतनचिठ्ठ्या व बँकेचे खातेपुस्तक हेच आधार ठरतात.

भविष्य निर्वाह निधीचा प्रश्नही याच बदलाशी जोडलेला आहे. संस्था बदलली, की जुन्या खात्यातील पैसे काढून घेण्याकडे अनेकांचा कल असतो. सलग पाच वर्षांच्या सेवेपूर्वी काढलेली रक्कम करपात्र असते आणि ती ५०,००० रुपये किंवा अधिक असल्यास कलम १९२अ नुसार १० टक्के कर कापला जातो. येथे मात्र पात्र व्यक्तीस फॉर्म १५जी देता येतो. रक्कम न काढता त्याच सार्वत्रिक खाते क्रमांकाखाली नव्या संस्थेकडे वर्ग केली, तर आधीच्या संस्थेकडील सेवा पाच वर्षांत धरली जाते. तीन गुत्तेदारांकडे मिळून सहा वर्षे काम केलेल्या कामगारास म्हणूनच प्रत्येक वेळी खाते वर्ग करणे लाभाचे ठरते.

कपात केली, पण भरणा केला नाही

वेतनचिठ्ठीवर आयकराची कपात दिसते, परंतु फॉर्म २६एएस मध्ये ती आढळत नाही, अशी स्थिती उद्भवल्यास कामगार दुहेरी कात्रीत सापडतो. हातातले पैसे गेलेले असतात आणि वरून विभागाची मागणीही येते. कायदा येथे कामगाराच्या बाजूने आहे. कलम २०५ नुसार, जेवढा कर कापला गेला तेवढा त्या व्यक्तीकडून पुन्हा मागता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये यशपाल साहनी प्रकरणात हेच स्पष्ट केले. मालकाने कर कापून सरकारकडे भरला नाही, तर वसुली मालकाकडून व्हावी, कर्मचाऱ्याकडून नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानेही २०१५ मध्ये अशा प्रकरणी सक्तीची वसुली करू नये, असे अधिकाऱ्यांना कळवले. कापलेला कर न भरणे हा कलम २७६बी खाली तीन महिने ते सात वर्षांपर्यंत सक्तमजुरीचा गुन्हा आहे. टीडीएसचे प्रमाणपत्र न देणाऱ्यास दिवसाला ५०० रुपये दंड होऊ शकतो.

या संरक्षणाचा पाया पुराव्यावर आहे. कपात झाली हे कामगाराला दाखवून द्यावे लागते. वेतनचिठ्ठी न देता फक्त निव्वळ रक्कम खात्यात टाकणाऱ्या संस्थेच्या कामगाराकडे तो पुरावा नसतो, आणि कलम २०५ चा आधार त्याला मिळणे कठीण होते.

शेतीचे उत्पन्न आणि योजनांविषयीची शंका

नांदेड व लातूरमधील अनेक कंत्राटी कर्मचाऱ्यांच्या घरी सोयाबीन, तूर किंवा हरभऱ्याची शेती असते. शेतीचे उत्पन्न कलम १०(१) नुसार करमुक्त आहे आणि विवरणपत्राची मर्यादा पाहताना ते मोजले जात नाही. विवरणपत्र भरायचेच असेल, तर ते दाखवावे मात्र लागते. ५,००० रुपयांहून अधिक शेती उत्पन्न असल्यास 'सहज' नमुना चालत नाही. अशा वेळी आयटीआर-२ किंवा अन्य लागू नमुना वापरावा लागतो. इतर उत्पन्न करमुक्त मर्यादेपुढे असेल, तर शेतीचे उत्पन्न कराचा दर ठरवण्यापुरते त्यात मिळवले जाते. सातबारा वडिलांच्या नावे असून शेतमालाची पट्टी मुलाच्या खात्यात जमा होत असेल, तर ते उत्पन्न नेमके कोणाचे, हा प्रश्न विवरणपत्र भरताना उभा राहतो.

विवरणपत्र भरल्यास सरकारी योजनांचा लाभ बंद होईल, ही भीती ग्रामीण भागात विशेष आढळते. पंतप्रधान किसान सन्मान निधीची अट 'मागील करनिर्धारण वर्षात आयकर भरलेली व्यक्ती' अपात्र ठरवते. शून्य कराचे विवरणपत्र भरणे आणि आयकर भरणे या भिन्न गोष्टी आहेत. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असण्याची आणि कुटुंबात कोणी आयकरदाता नसण्याची अट आहे. तेथे कराचा प्रश्न नसला, तरी उत्पन्नाची अट स्वतंत्रपणे लागू राहते. ३ लाख वेतन असलेल्या घराची पात्रता विवरणपत्र न भरल्याने टिकत नाही, कारण वेतनाची नोंद बँकेत व टीडीएसच्या विवरणात आधीच झालेली असते.

सक्ती नसताना विवरणपत्र भरण्याची इतरही कारणे असतात. गृहकर्ज किंवा वाहनकर्ज देताना बँका सहसा दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे मागतात. मोटार अपघात नुकसानभरपाईच्या दाव्यांत मृत वा जखमी व्यक्तीची कमाई ठरवताना आयकर विवरणपत्रास सर्वोच्च न्यायालयाने वैधानिक दस्तऐवज म्हणून महत्त्व दिले आहे. नियुक्तिपत्र नसलेल्या कामगाराच्या कुटुंबासाठी कमाईचा तेवढाच लेखी पुरावा असू शकतो.

ब्रिटनमधील छत्र कंपन्या

ब्रिटनमध्ये अशा मध्यस्थ आस्थापनांना 'अम्ब्रेला कंपनी', म्हणजे छत्र कंपनी, म्हणतात. आयआर३५ या नावाने ओळखले जाणारे नियम एप्रिल २००० मध्ये लागू झाल्यानंतर या कंपन्यांचा प्रसार वाढला. तेथे माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात कंत्राटावर काम करणाऱ्या भारतीयांचा, त्यांत मराठी भाषकांचाही, त्यांच्याशी संबंध येतो. छत्र कंपनी व्यक्तीस स्वतःची नोकर मानून 'पीएवायई' पद्धतीने पगारातूनच कर कापते. म्हणून केवळ असा पगार असलेल्या व्यक्तीस तेथे सहसा वार्षिक विवरणपत्र भरावे लागत नाही. घरभाडे, स्वतंत्र व्यवसाय किंवा परदेशातील करपात्र उत्पन्न असल्यास मात्र ते भरावे लागते. लातूरमधील घराचे भाडे किंवा नांदेडच्या बँकेतील ठेवीचे व्याज हे अशा परदेशी उत्पन्नाचे उदाहरण होय. ते भारतीय करमुक्त मर्यादेपुढे गेल्यास भारतातही विवरणपत्र लागते.

दोन्ही देशांतील मुख्य फरक परताव्याच्या मार्गाचा आहे. ब्रिटनमध्ये कराचा हिशेब वर्षभर चढत्या बेरजेने होत राहतो आणि जास्त कापलेली रक्कम बहुधा पुढच्या पगारातच समायोजित होते. वर्षाअखेर तफावत राहिल्यास कर विभाग स्वतःहून हिशेब पाठवतो. भारतात कलम १९२ खालील पगारासाठी मालकास वर्षभरात कमी-जास्त कपात करून हिशेब जुळवता येतो, परंतु १९४सी व १९४जे मध्ये तशी सोय नाही.

नवा आयकर कायदा

२०२५ चा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू होत असून त्याने १९६१ च्या कायद्याची जागा घेतली आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदलले असून 'मागील वर्ष' व 'करनिर्धारण वर्ष' यांऐवजी 'करवर्ष' ही एकच संज्ञा वापरली आहे. २०२५-२६ या आर्थिक वर्षातील उत्पन्नाचे विवरणपत्र १ एप्रिल २०२६ नंतर भरले जात असले, तरी त्यास १९६१ चाच कायदा लागू राहतो.